वाळवंटांतील पेठेचा जीर्णोद्धार

नदीच्या कांठीं एखादें शहर वसलें तर त्याचें कारण कोणी विचारीत नाहीं. बंदराच्या मुखाशीं अथवा घाटाच्या पायथ्याशीं बाजार भरला, तरी त्याचें कोणास नवल वाटत नाहीं. परंतु जेथें वर्षाकांठीं जेमतेम ४ इंच पाऊस पडतो आणि उन्हाळ्यांत पारा ११० अंशांपलीकडे जातो, अशा ठिकाणीं लाखों माणसें कां राहतात, हा प्रश्न मात्र विचारल्यावांचून राहवत नाहीं. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील नेव्हाडा संस्थानांत असलेलें लास व्हेगास हें अशा शहरांचा एक ठळक नमुना होय. जुगाराचें व करमणुकीचें माहेरघर म्हणून तें जगभर गाजलें आहे. पण ज्या जुन्या पेठेंतून तें वाढलें, ती पेठ एके काळीं ओस पडूं लागली होती, आणि नव्यानें येणाऱ्या माणसांना तेथें बोलावून तिच्यांत पुन्हा जीव आणण्याचे प्रयत्न गेलीं तीस वर्षें चालले आहेत, ही हकीकत फारशी कोणास माहीत नसते. ती बोधप्रद आहे.

'लास व्हेगास' या स्पॅनिश शब्दांचा अर्थ 'कुरणें' असा होतो. या खोऱ्यांत जमिनींतून आपोआप उफाळून येणारे झरे होते, त्या काळचें हें नांव. १८२९ सालीं अंतोनियो आर्मिहो नांवाच्या मेक्सिकन व्यापाऱ्याचा तांडा या वाटेनें कॅलिफोर्नियाकडे गेला. १८४४ सालीं जॉन फ्रेमाँट हा लष्करी मोजणीदार येथें येऊन गेला. १८५५ सालीं मॉर्मन पंथाच्या लोकांनीं ओढ्याकांठीं कच्च्या विटांची एक गढी बांधली; परंतु ती वस्ती दोन वर्षांतच उठली. पाणी होतें, पण त्या पाण्याजवळ राहण्यास कारण नव्हतें. तें कारण पुढें आगगाडीनें पुरविलें.

लॉस एंजेल्स व सॉल्ट लेक या दोन शहरांना जोडणारा लोहमार्ग टाकला जात असतां, वाफेच्या एंजिनांना पाणी देण्याकरितां मध्यें एक ठाणें हवें होतें. मोंटानाचे धनाढ्य सेनेटर विल्यम क्लार्क यांनीं त्यासाठीं झऱ्यांजवळची जुनी शेतवाडी विकत घेतली आणि १५ मे १९०५ रोजीं गांवठाणाच्या जमिनीचा जाहीर लिलाव झाला. स्थानकाच्या दारापासून पूर्वेकडे सरळ जाणारा जो मुख्य रस्ता आंखला, त्यास फ्रेमाँट याचें नांव दिलें. मद्याची विक्री गांवांत कोठेंही न होतां केवळ नेमून दिलेल्या चौकांतच व्हावी, अशी अट रेल्वे कंपनीनें घातली होती. त्यांपैकीं 'सोळावा चौक' पुढें कुप्रसिद्ध झाला. पेठेचा जन्म हा असा आहे. ती आपोआप वाढलेली नसून एका कंपनीनें कागदावर आंखलेली, आणि पहिल्या दिवसापासून परगांवाहून येणाऱ्यासाठीं मांडलेली अशी होती.

पुढें १९३१ सालीं दोन गोष्टी एकदम घडल्या. नेव्हाडा संस्थानानें जुगार कायदेशीर केला आणि जवळच कोलोरॅडो नदीवर हूव्हर धरणाचें काम सुरूं झालें. धरणाच्या मजुरांकरितां सरकारनें बोल्डर सिटी हें वेगळें गांव वसविलें होतें. परंतु तेथें जुगारास बंदी होती. तेव्हां पगाराच्या दिवशीं ते मजूर फ्रेमाँट रस्त्यावर येत आणि तेथील दुकानदार त्यांची वाट पाहत बसत. दिव्यांच्या पाट्या, हॉटेलें, सराफी, कापडाचीं व औषधांचीं दुकानें, न्यायकचेरी आणि टपालकचेरी हें सर्व त्या एका रस्त्याच्या आसपास दाटीनें उभें राहिलें. गांवांतील गृहिणी ज्या रस्त्यावर मुलांचे बूट घेई, त्याच रस्त्यावर प्रवासी आपलें नशीब अजमावी. घरचा आणि पाहुणा हे दोघेही एकाच पदपथावर चालत होते, हें येथें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

हा मेळ कसा मोडला? १९४१ सालीं टॉमस हल यांनीं शहराच्या हद्दीबाहेर, लॉस एंजेल्सकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, 'एल रांचो व्हेगास' हें हॉटेल बांधलें. जमीन स्वस्त, मोटारी उभ्या करण्यास जागा मुबलक, आणि नगरपालिकेचा कर नाहीं. १९४६ सालीं त्याच हमरस्त्यावर 'फ्लेमिंगो' उभें राहिलें आणि मग रांगच लागली. शहरानें ही वस्ती आपल्या हद्दींत ओढूं नये म्हणून १९५० सालीं 'पॅराडाइज' या नांवाची वेगळी वसाहत जाहीर करण्यात आली. म्हणजे सारें जग ज्याला लास व्हेगास म्हणून ओळखतें, तो सुमारें ४ मैलांचा झगझगीत रस्ता कायद्यानें त्या शहरांत मोडतच नाहीं! नांव शहराचें, उत्पन्न मात्र वेशीबाहेर.

दिव्यांची झळाळी दक्षिणेकडे गेली, आणि संसाराचा बाजारही पेठेंत टिकला नाहीं. १९६८ सालीं शहराच्या दक्षिणेस थंड हवेचें मोठें बाजारगृह उघडलें, आणि घरगुती खरेदी तिकडे वळली. १९७१ सालीं जुन्या स्थानकाच्या जागीं हॉटेल उभें राहिलें. त्याच्याच पोटांत कांहीं काळ उतारूंची सोय होती, पण १९९७ सालीं उतारूंची गाडीच बंद झाली. क्लार्क परगण्याची लोकसंख्या १९५० सालीं ४८ हजार होती, ती २०२० च्या शिरगणतींत साडेबावीस लाखांवर गेली. परंतु हे लाखों नवागत वाळवंटांत दूरवर पसरलेल्या नव्या वसाहतींत उतरले. मोटारींतून कामावर जावें आणि मोटारींतूनच परत यावें, असा त्यांचा क्रम पडला. शहर वाढत होतें आणि त्याचें हृदय सुकत होतें. १९८९ सालीं हमरस्त्यावर 'मिराज' हें प्रचंड हॉटेल उघडलें, तेव्हां जुन्या पेठेच्या व्यापाऱ्यांस आपली घटका भरली असें वाटूं लागलें.

यानंतर जे उपाय झाले त्यांचे चार प्रकार करतां येतात, आणि प्रत्येकामागची समजूत वेगळी आहे.

पहिला उपाय छपराचा. फ्रेमाँट रस्त्याचा चार चौकांचा भाग मोटारींना बंद करून त्यावर सुमारें ९० फूट उंचीचें कमानदार छप्पर उभारण्यांत आलें, आणि त्याच्या आंतल्या अंगास सुमारें २० लाख दिवे बसवून डिसेंबर १९९५ मध्यें चलच्चित्रांचा देखावा सुरूं झाला. खर्च सुमारें ७ कोटी डॉलर झाला. सावली मिळाली, गर्दी परतली, जुगारगृहें तगलीं. परंतु हा उपाय पाहुण्यासाठीं होता. रात्रीं देखावा पाहून पाहुणा निघून जातो. सकाळीं दूध, भाजी, शाळा आणि दवाखाना शोधणारें माणूस त्या छपराखालीं येत नाहीं. रस्त्याचा रंगमंच झाला, परंतु रंगमंचावर कोणी बिऱ्हाड करीत नाहीं.

दुसरा उपाय नगरपालिकेचा. ऑस्कर गुडमन हे गुन्हेगारी टोळ्यांच्या बड्या आरोपींचे वकील म्हणून गाजलेले गृहस्थ १९९९ सालीं नगराध्यक्ष झाले व १२ वर्षें त्या पदावर राहिले. त्यांच्या पश्चात् २०११ पासून २०२४ पर्यंत त्यांच्या पत्नी कॅरोलिन गुडमन यांनीं तें पद सांभाळलें. लोहमार्गालगतचें ६१ एकरांचें मोकळें आवार शहरानें मिळविलें होतें. रेल्वेच्या कामामुळें माती दूषित झालेली ती पडीक जागा साफ करून तेथें 'सिंफनी पार्क' आंखण्यांत आला. फ्रँक गेरी या विख्यात स्थापत्यविशारदानें आराखडा केलेलें मेंदूच्या विकारांचें रुग्णालय तेथें उभें राहिलें, आणि मार्च २०१२ मध्यें स्मिथ सेंटर हें संगीत-नाट्यगृह उघडलें. १९३३ सालच्या जुन्या न्यायकचेरीच्या व टपालकचेरीच्या इमारतींत १४ फेब्रुवारी २०१२ रोजीं गुन्हेगारी टोळ्यांचा इतिहास सांगणारें संग्रहालय सुरूं झालें. १९५० सालीं सेनेटर केफॉव्हर यांच्या समितीनें याच इमारतींत अशा टोळ्यांची चौकशी केली होती. त्याच वर्षीं नवें नगरभवनही बांधून झालें. या उपायामागची समजूत अशी कीं, गांवांत राहण्यास यावें असें वाटावयाचें तर गांवाला जुगारापलीकडे कांहीं अभिमानाचें हवें. ही समजूत खोटी नव्हती. मात्र तिचें फळ सावकाश येतें, आणि मध्यें २००८ सालचें आर्थिक अरिष्ट आलें. पेठेंत विक्रीसाठीं बांधलेले उंच मनोरे गिऱ्हाइकाअभावीं रिकामे राहिले, आणि खोऱ्यांतील हजारों घरें कर्जापायीं जप्त झालीं.

तिसरा उपाय एका माणसाच्या स्वप्नाचा होता. टोनी शे हे पादत्राणें टपालानें घरपोंच विकणाऱ्या 'झॅपोस' या कंपनीचे प्रमुख. ती कंपनी २००९ सालीं अमेझॉननें सुमारें १२० कोटी डॉलरना विकत घेतली होती. तिची कचेरी शेजारच्या हेंडरसन गांवीं होती. नगरपालिकेनें जुनें नगरभवन सोडतांच शे यांनीं आपली कचेरी तेथें आणण्याचें ठरविलें, आणि २०१३ च्या सुमारास हजारांहून अधिक नोकरवर्ग पेठेंत कामास येऊं लागला. कंपनीच्या आवारांत बागा व क्रीडांगणें बांधून नोकरांना कोंडण्यापेक्षां शहरालाच आवार करावें, ही त्यांची कल्पना. त्यांनीं २०१२ सालीं 'डाउनटाउन प्रोजेक्ट' जाहीर केला आणि ३५ कोटी डॉलर त्यास दिले: २० कोटी जमिनी व इमारतींना आणि प्रत्येकीं ५ कोटी लहान दुकानांना, शिक्षणाला व नव्या यांत्रिक धंद्यांना.

त्यांचा विचार समजून घेण्याजोगा आहे. निरनिराळ्या धंद्यांचीं माणसें वाटेंत, दुकानांत, उपाहारगृहांत जितक्या वेळां सहज एकमेकांस भेटतील, तितक्या नव्या कल्पना जन्मास येतील, असें ते म्हणत. त्यांनीं या भेटींचा हिशेबसुद्धां मांडला होता: पेठेच्या दर एकरामागें वर्षास १ लाख 'भेटीचे तास' असावे. या हिशेबाप्रमाणें ते पैसे लावूं लागले. तरुणांना परगांवाहून बोलावून घेतलें, त्यांस राहण्यास जागा दिल्या, कोणास उपाहारगृह तर कोणास पुस्तकांचें दुकान काढून दिलें. मालवाहू जहाजांवरील लोखंडी पेट्या एकमेकींवर रचून केलेलें 'कंटेनर पार्क' हें बाजाराचें अंगण २०१३ च्या अखेरीस उघडलें. मध्यें मुलांना खेळण्यास उंच झाडघर आणि सभोंवतीं खोलीएवढीं लहान दुकानें. भांडवल थोडें असलेल्या माणसास पहिलें दुकान मांडतां यावें, ही त्यांतील सोय खरोखर चांगली होती. शे हे स्वतः सुरुवातीस पेठेंतील एका मनोऱ्यांत आणि पुढें चाकांवरच्या छोट्या घरांच्या वस्तींत राहिले. लक्षाधीशानें ज्यांच्यासाठीं पैसे ओतावे त्यांच्यांतच राहावें, हें क्वचित् घडतें.

परंतु भेटींचे तास मोजले म्हणजे शेजार मोजला जात नाहीं. ज्यांस बोलावून आणलें त्यांतील पुष्कळांचे धंदे दोन-तीन वर्षांत बसले. ३० सप्टेंबर २०१४ रोजीं प्रकल्पानें सुमारें ३० नोकरांना एकाच दिवशीं निरोप दिला. त्याच वर्षीं प्रकल्पाच्या उद्दिष्टांतून 'समाज' हा शब्द गाळून त्या जागीं 'परस्परसंबंध' अशा अर्थाचा शब्द घालण्यांत आला. शब्दांतील हा फरक लहान नव्हता. 'समाज' म्हटलें कीं दुखण्याखुपण्यांत धांवून जाण्याची जबाबदारी येते. ती पेलण्यास प्रकल्प आपण होऊन असमर्थता कबूल करीत होता. पुढें ऑगस्ट २०२० मध्यें शे यांनीं कंपनी सोडली, आणि २७ नोव्हेंबर २०२० रोजीं, एका घराच्या आगींत झालेल्या इजेमुळें, वयाच्या ४६ व्या वर्षीं त्यांचें निधन झालें. त्यांच्या मागें पेठेंतील पुष्कळ मालमत्ता विक्रीस निघाल्या. पेठेचा एवढा भाग एका हातीं एकवटला कीं त्या एका माणसाच्या आयुष्याची दोरी हीच त्या भागाची दोरी होते, हें यांतून दिसून आलें.

चौथा उपाय सर्वांत कमी गाजावाजाचा. पेठेच्या दक्षिणेस १८ चौकांचा एक भाग चित्रकारांचा भाग म्हणून ओळखला जाऊं लागला. जुन्या वखारी व मोटारदुरुस्तीचे कारखाने यांचें भाडें कमी होतें, म्हणून चित्रकार, जुन्या वस्तूंचे व्यापारी आणि लहान उपाहारगृहें तेथें आलीं. २००२ सालापासून महिन्याच्या पहिल्या शुक्रवारीं सायंकाळीं तेथें जत्रेसारखा मेळा भरूं लागला. येथें कोणा एकाचें स्वप्न नव्हतें. पुष्कळांच्या लहान लहान गरजा होत्या. एक दुकान बंद पडलें तर शेजारचें चालूं राही. या भागाची वाढ मंद झाली खरी, परंतु ती कोणा एकाच्या तिजोरीवर अवलंबून राहिली नाहीं.

आतां ज्यांस कोणी बोलावलें नव्हतें, कारण ते आधींपासून तेथेंच होते, त्यांच्याकडे वळणें अवश्य आहे. लोहमार्गाच्या पश्चिमेस 'वेस्टसाइड' नांवाची वस्ती आहे. वर्णभेदाच्या काळांत नीग्रो म्हणून हिणवल्या गेलेल्या कृष्णवर्णी नागरिकांना पेठेंत धंदा करण्याचे परवाने नाकारून या वस्तींत ढकलण्यांत आलें होतें. हमरस्त्यावरील हॉटेलांत कृष्णवर्णी गायक गात, परंतु त्यांस तेथें निजण्यास खोली मिळत नसे. १९५५ सालीं याच वस्तीच्या परिसरांत 'मूलां रूज' हें सर्व वर्णांस खुलें असलेलें पहिलें मोठें जुगारगृह निघालें व तें सहा महिन्यांतच बंद पडलें. तथापि मार्च १९६० मध्यें त्याच इमारतींत बैठक होऊन हॉटेलांनीं वर्णबंदी उठविण्याचें मान्य केलें. अशा या वस्तींतून पेठेकडे येण्याची 'एफ्' नांवाची एक वाट होती. महामार्ग रुंद करण्याच्या कामांत २००८ सालीं ती भिंत घालून बंद केली गेली, आणि तीही पेठेच्या जीर्णोद्धाराचा गजर चालूं असतांना! रहिवाशांनीं चिकाटीनें गाऱ्हाणें चालविलें, आणि डिसेंबर २०१४ मध्यें ती वाट पुन्हा खुली झाली. परगांवच्या माणसास निमंत्रण आणि शेजाऱ्याच्या तोंडावर भिंत, हा विरोध कोणाही विचारी माणसास बोंचावा असाच आहे.

दुसरे विसरलेले लोक म्हणजे जुन्या मोटेलांत आठवड्याच्या भाड्यानें राहणारे गरीब. घराचें अनामत भाडें एकदम भरण्याचें ज्यांस सामर्थ्य नाहीं, त्यांचा तो शेवटचा आसरा. पेठ सुधारूं लागली तशीं अशीं कित्येक मोटेलें विकलीं गेलीं व बंद झालीं. रस्त्यावर निजणाऱ्यांसाठीं नगरपालिकेनें २०१७ सालीं एक मदतकेंद्र उघडलें खरें. पण नोव्हेंबर २०१९ मध्यें, निवाऱ्यांत खाटा मोकळ्या असतां पेठेच्या पदपथावर निजणें हा गुन्हा ठरविला. दुकानदारांची अडचण खरी होती, यांत शंका नाहीं. तथापि ज्याला दार नाहीं त्याला 'दारांत निजूं नको' एवढेंच सांगून प्रश्न सुटत नाहीं, हेंही तितकेंच खरें.

एवढें सारें करून पेठेंत माणसें आणावींच कशाला, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर वाळवंटच देतें. मूळचे झरे उपशामुळें १९६२ सालीं आटले. आतां खोऱ्याचें बहुतेक पाणी कोलोरॅडो नदीच्या मीड सरोवरांतून येतें, आणि १९२८ च्या कायद्याप्रमाणें नेव्हाडाचा वांटा वर्षाला ३ लाख एकर-फूट इतकाच आहे. घराच्या आंत वापरलेलें जवळजवळ सर्व पाणी शुद्ध करून पुन्हा सरोवराकडे सोडलें जातें व तेवढें पाणी पुन्हा उचलतां येतें; परंतु अंगणांतील हिरवळीस घातलेलें पाणी हवेंत उडून जातें, तें कायमचें गेलें. म्हणून २०२१ सालीं संस्थानानें कायदा करून नुसत्या शोभेच्या हिरवळीला नदीचें पाणी देणें २०२७ पासून बंद ठरविलें. दूरच्या वसाहतींतील अंगणाच्या घरापेक्षां पेठेंतील मजल्यावरचें बिऱ्हाड कमी पाण्यांत चालतें आणि मोटारही कमी फिरवतें. मात्र चालणाऱ्यास सावली हवी. ७ जुलै २०२४ रोजीं या शहरीं पारा १२० अंशांवर पोंचला, आजवरचा तो उच्चांक ठरला. अशा उन्हांत झाडाविना पदपथ म्हणजे केवळ तापलेला तवा. तेव्हां नवागतासाठीं पेठ सजवावयाची तर नाट्यगृहाइतकीच झाडांची रांगही मोलाची आहे.

या सर्व हकीकतीवरून कांहीं गोष्टी स्पष्ट होतात. पाहुण्याकरितां केलेली शोभा आणि रहिवाशाकरितां केलेली सोय या दोन वेगळ्या वस्तु आहेत; पहिलीनें पैसा येतो, दुसरीनें माणूस टिकतें. सार्वजनिक संस्थेचें काम मंद असतें, परंतु तें एका माणसाबरोबर सरत नाहीं. मोठ्या देणगीपेक्षां स्वस्त भाडें अधिक धंदे जगवितें. आणि नव्यास जागा करून देतांना जुन्याची वाट बुजवली, तर तो जीर्णोद्धार न राहतां नुसतें खांदेपालट होतें.

लास व्हेगासच्या पेठेंत आज सव्वाशें वर्षांपूर्वींचे झरे नाहींत आणि उतारूंची आगगाडीही नाहीं. जुन्या रेल्वेच्या आवारांत भाड्याच्या घरांचे मजले अलीकडे उठले आहेत आणि त्यांच्या खिडक्यांतून संध्याकाळीं दिवे लागतात. फ्रेमाँट रस्त्यावरील लाखों दिव्यांपुढें ते मिणमिणते खरे. पण त्या दिव्यांखालीं कोणी मुलांचा अभ्यास घेत असेल, कोणी उद्यांच्या दुकानाचा हिशेब मांडीत असेल. पेठ जगली कीं नाहीं, हें ठरविण्यास छपराखालच्या दिव्यांऐवजीं हे खिडकींतले दिवे मोजावे लागतील. आणि मोजतांना लोहमार्गापलीकडच्या खिडक्याही वगळून चालणार नाहीं.